कषाय आणि काषाय : व्रणोपचाराच्या इतिहासातील एक धागा

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीचा चढ चढू लागलेल्या अभ्यासकाचे लक्ष बहुधा शिलालेखांकडे, स्तूपांकडे आणि चैत्यगृहाच्या स्तंभांकडे वेधले जाते. ते योग्यच आहे. परंतु या शंभराहून अधिक लेण्यांत सुमारे हजार वर्षे माणसे राहिली, ही साधी गोष्ट त्या ओघात विसरली जाते. पावसाळ्यात निसरड्या होणाऱ्या या काळ्या खडकावर भिक्षू अनवाणी चालत. काट्याकुट्याच्या वाटेने ते भिक्षाटनाला उतरत. त्यांच्या पायांना जखमा होत असतील, अंगावर गळवे उठत असतील, वृद्धांचे व्रण भरून येण्यास विलंब लागत असेल. लेण्यालेण्याशी खोदलेली पाण्याची पोढी आपण कौतुकाने पाहतो. पण त्या पाण्याने कोणाचे तरी व्रणही धुतले गेले असतील, हा विचार आपल्या मनात सहसा येत नाही.

कान्हेरीच्या लेखांत कल्याण, सोपारा आदी नगरांतील व्यापाऱ्यांची व कारागिरांची दाने नोंदलेली आहेत. इ. स.च्या नवव्या शतकातील शिलाहारकालीन लेखांत तर भिक्षूंची वस्त्रे, विहाराची डागडुजी आणि ग्रंथ यांच्यासाठी द्रव्याची तरतूद केलेली आढळते. औषधांचा हिशेब मात्र दगडावर कोरण्याची प्रथा नव्हती. तो हिशेब आपणांस विनयपिटकात शोधावा लागतो.

प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता या लेण्यांपासून फार दूरचा आहे. मोडलेल्या हाडात बसविलेली पोलादी सळई, टायटेनियमची पट्टी, कृत्रिम गुडघा अथवा खुबा यांवर जंतूंची वस्ती होऊ नये म्हणून वनस्पतिजन्य द्रव्यांचा लेप देता येईल काय, या प्रश्नावर आज जगातील अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे. त्या संदर्भात हळद, निंब, हरीतकी ही नावे पुनःपुन्हा पुढे येतात. ही नावे आपल्या वाचकांस अपरिचित नाहीत. भेसज्जक्खंधकात ती आहेतच. तेव्हा या दोहोंमध्ये काही ऐतिहासिक नाते आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या स्वरूपाचे, याचा विचार करणे अगत्याचे वाटते. ‘हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते’ असे म्हणणारे आणि ‘जुन्या ग्रंथांत पाहण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारे, हे दोन्ही पक्ष या प्रश्नाची फार लवकर वासलात लावतात.

१. भेसज्जक्खंधकातील व्रण

महावग्गाच्या सहाव्या खंधकाचा आरंभ शरद ऋतूतील आजाराने होतो. श्रावस्तीत कृश व विवर्ण झालेले भिक्षू पाहून भगवंतांनी तूप, लोणी, तेल, मधु व फाणित या पाच औषधांस अनुज्ञा दिली. पुढे एकेका प्रसंगाने ही यादी वाढत जाते. मुळांमध्ये हळद, आले, वेखंड, अतिविष, कुटकी, वाळा व मोथा. कषायांमध्ये निंब, कुडा, पडवळ व करंज. पानांमध्ये निंब, कुडा, तुळस व कापूस. फळांमध्ये वावडिंग, पिंपळी, मिरी, हिरडा, बेहडा व आवळा अशी ती मांडणी आहे. यांतील बहुतेक नावे मराठी घरांतील आजीबाईच्या बटव्यात आजही सापडतील. कुडा व करंज ही झाडे तर सह्याद्रीच्या रानात सर्वत्र आढळतात.

या यादीपेक्षाही व्रणोपचाराच्या अनुज्ञांचा क्रम अधिक बोलका आहे. एका भिक्षूस गळू होते. शस्त्रकर्माची अनुज्ञा मिळते. मग कषायोदकाची, म्हणजे तुरट काढ्याच्या पाण्याची गरज भासते. त्यासही अनुज्ञा मिळते. त्यानंतर तिळाचा कल्क, त्यावर घडी, ती बांधावयास पट्टी. व्रणास खाज सुटते, म्हणून मोहरीचे चूर्ण. तो ओलसर राहतो, म्हणून धुरी. मांस वाढून वर येते, म्हणून ते मिठाच्या खड्याने छेदणे. व्रण भरत नाही, म्हणून तेल. तेल ओघळू लागते, म्हणून ते धरून ठेवणारी कापडाची वात. अखेरीस व्रणाच्या सर्वच उपचारांस सरसकट अनुज्ञा दिली जाते.

या क्रमात प्रत्येक नवी अनुज्ञा ही आधीच्या उपायात राहिलेल्या उणिवेतून जन्मास येते. कोणताही उपाय देवतेच्या कोपाशी वा मंत्राशी जोडलेला नाही. काय घडले ते पाहावे, उपाय करावा, तो अपुरा पडल्यास दुसरा शोधावा, अशी ही रीत आहे. भारतीय वैद्यकाच्या घडणीत श्रमणपरंपरेचा व विशेषतः बौद्ध विहारांचा वाटा मोठा होता, असे प्रतिपादन केनेथ झिस्क यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले. त्यांचे सर्व निष्कर्ष सर्वांनी मान्य केलेले नाहीत. परंतु महावग्गाची ही पाने त्यांच्या युक्तिवादाचा भक्कम आधार आहेत, हे मान्य करावे लागते.

याच खंधकात आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची हकीकत येते. त्यांना त्वचेचा दुर्धर विकार झाला होता. व्रणांतून झरणाऱ्या स्रावाने चीवर अंगास चिकटून बसे आणि इतर भिक्षू ते पाण्याने भिजवून हळूहळू सोडवीत. ते पाहून भगवंतांनी अशा रुग्णांसाठी चूर्णांची अनुज्ञा दिली. व्रण आणि त्यास टेकलेली परकी वस्तू यांच्यामधला प्रश्न इतक्या साधेपणाने मांडणारा हा प्रसंग पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावा.

२. दोन अंगुळांची मर्यादा

राजगृहातील वेळुवनातला एक प्रसंग विनयाच्या अभ्यासकांस परिचित आहे. आकासगोत्त नावाचा वैद्य एका भिक्षूच्या भगंदरावर शस्त्रकर्म करीत होता. भगवंत तेथून जात असता त्याने त्यांना बोलावून, उघडा पडलेला तो व्रण घोरपडीच्या तोंडासारखा दिसतो, असे थट्टेच्या स्वरात दाखविले. भगवंत काही न बोलता परतले आणि त्यांनी संघास एकत्र करून गुह्यस्थानी शस्त्रकर्म करण्यास मनाई केली. पुढे ही मनाई त्या स्थानाभोवतीच्या दोन अंगुळांपर्यंत निश्चित करण्यात आली. दिलेली कारणे पाहण्यासारखी आहेत : तेथील त्वचा नाजूक असते, व्रण भरून येणे कठीण जाते आणि शस्त्र नीट चालविता येत नाही. भगंदरावर शस्त्रकर्म करणारा आजचा शल्यतज्ज्ञही याच तीन अडचणींचा विचार करतो. मलावरोध करणारा स्नायू छेदला गेल्यास रुग्णाचे उर्वरित आयुष्य कष्टमय होते, हे त्याला ठाऊक असते.

याच व्याधीचा दुसरा प्रसंग आठव्या खंधकात आहे. राजा बिंबिसाराचा भगंदर जीवकाने शस्त्राविना, नखाने लावलेल्या एका लेपानेच बरा केला, असे तेथे सांगितले आहे. एका लेपाने भगंदर बरा झाला, हे आजच्या वैद्यकास शब्दशः मान्य होणार नाही. ती आख्यायिकेची भाषा आहे. परंतु शस्त्र जेथे घातक ठरते तेथे लेपाचा मार्ग शोधावा, ही दिशा दोन्ही प्रसंगांतून एकच निघते.

ती दिशा पुढे कोठे गेली? सुश्रुतसंहितेत कृश, दुर्बळ व शस्त्रास भिणाऱ्या रुग्णांच्या नाडीव्रणात क्षाराचे सूत्र ओवण्याचा उपाय सांगितला आहे. या संहितेचे प्रतिसंस्करण नागार्जुनाने केले, अशी परंपरा बाराव्या शतकातील टीकाकार डल्हण नोंदवितो. तो नागार्जुन कोणता, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पुढे अकराव्या शतकात, बौद्ध विद्यापीठांना आश्रय देणाऱ्या पाल राजांच्या बंगालमध्ये, चक्रपाणिदत्ताने या सूत्राची कृती दिली. निवडुंगाच्या जातीतील स्नुहीचा, म्हणजे थोराचा चीक आणि हळदीचे चूर्ण यांचा दोऱ्यावर पुनःपुन्हा लेप द्यावा, अशी ती कृती होय.

इतिहासाच्या दृष्टीने ही फार महत्त्वाची पायरी आहे. येथे औषध व्रणावर वरून लावले जात नाही. शरीराच्या आत काही दिवस राहणारी एक परकी वस्तू घेऊन तिच्यावर वनस्पतिजन्य द्रव्यांचा थर दिला जातो आणि तो थर जागेवरच आपले काम करतो. लेपित इम्प्लांटची कल्पना याहून फारशी वेगळी नाही. विनयातील मनाईतूनच क्षारसूत्र निघाले, असा दावा मात्र करता येणार नाही. त्यास लिखित पुरावा नाही. एकाच व्याधीच्या एकाच अडचणीवर दोन परंपरांनी शस्त्र टाळण्याचा विचार केला, एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल.

हे सूत्र ग्रंथातच राहिले नाही. १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे पुनरुज्जीवन केले. प्रचलित पद्धतीत लिननच्या पक्क्या दोऱ्यावर एकूण २१ थर देतात : ११ थर स्नुहीच्या चिकाचे, ७ थर चीक व अपामार्गाच्या, म्हणजे आघाड्याच्या क्षाराचे आणि ३ थर चीक व हळदीचे. प्रत्येक थर वाळल्यावर पुढचा दिला जातो. दोरा दर आठवड्यास बदलतात. क्षार मार्ग हळूहळू कापत जातो आणि मागील भाग त्याच वेळी भरून येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत केलेल्या तुलनात्मक चाचणीचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४ आठवड्यांत व्रण भरे, क्षारसूत्राने ८ आठवडे लागत. परंतु व्याधी पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के, तर क्षारसूत्रानंतर ४ टक्के होते. लाभ आणि उणीव दोन्ही येथे आकड्यांत मांडलेली आहेत. प्राचीन उपायाचा सन्मान यापेक्षा निराळा कसा करावयाचा?

३. तुरट रसाचे रहस्य

आता शीर्षकातील दोन शब्दांकडे वळू. पालीतील ‘कसाव’ म्हणजे तुरट रस, तुरट काढा. ‘कासाव’ म्हणजे भिक्षूचे रंगविलेले वस्त्र. संस्कृतातील कषाय व काषाय यांचे नाते तेच. चीवर आरंभी शेणाने व पिवळ्या मातीने रंगवीत. रंग बरा येत नसे. तेव्हा मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ अशा सहा प्रकारच्या रंगद्रव्यांस अनुज्ञा दिल्याचे आठव्या खंधकात आहे. म्हणजे ज्या वनस्पतिवर्गाचा काढा व्रण धुण्यासाठी वापरला जाई, त्याच वर्गाच्या रसात वस्त्र उकळले जाई. वस्त्र रंगविण्याचा हेतू जंतुनाशाचा नव्हता, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तरीही दोन्ही ठिकाणी काम करणारे द्रव्य बहुतांशी एकच होते.

ते द्रव्य म्हणजे टॅनिन. कच्चे जांभूळ वा हिरडा चघळला असता जीभ आवळून येते, ती त्यामुळेच. टॅनिन प्रथिनांस घट्ट बिलगते. म्हणूनच त्याने कमावलेले कातडे कुजत नाही आणि त्याने धुतलेला व्रण आकुंचन पावून त्याचा स्राव कमी होतो. जुन्नर व आंबेगाव भागातील महादेव कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हिरडा गोळा करीत आले आहेत. तो औषधास जातो, तसाच रंगाईस व कातडी कमावण्यासही. हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा अंश मिसळला की काळीभोर शाई होते, हे जुन्या लेखनिकांस ठाऊक होते.

२०१३ मध्ये मेलबर्न विद्यापीठातील फ्रँक करूसो यांच्या गटाने नेमके हेच दोन घटक, टॅनिक आम्ल व लोहाचा क्षार, वापरून असे दाखविले की पाण्यात ते एकत्र येताच जवळजवळ कोणत्याही पृष्ठभागावर अतिशय पातळ पापुद्रा धरतात. त्याच वर्षी अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात फिलिप मेसरस्मिथ यांच्या गटाने चहा, कोको व द्राक्षासव यांतील तुरट द्रव्यांपासून काच, प्लास्टिक व धातू यांवर बसणारे रंगहीन थर तयार केले. त्यांचा जंतुरोधक गुणही प्रयोगशाळेत आढळला. शाईचा डाग बोटावरून जात नाही, याचा त्रास प्रत्येक लेखनिकास झाला असेल. तोच चिकट स्वभाव आज धातूवर लेप बसविण्यास उपयोगी पडू पाहत आहे.

४. धातूच्या पृष्ठभागासाठी शर्यत

शरीरात बसविलेल्या धातूवर लेपाची गरज का पडते? १९८७ मध्ये अँथनी ग्रिस्टिना यांनी या प्रश्नास ‘पृष्ठभागासाठीची शर्यत’ असे नाव दिले. सळई वा सांधा बसविताच शरीरातील पेशी आणि जंतू दोघेही त्याच्या पृष्ठभागाकडे धाव घेतात. पेशी आधी पोहोचल्या तर हाड धातूशी सांधले जाते. जंतू आधी पोहोचले तर ते तेथे चिकटून स्वतःभोवती एक बुळबुळीत आवरण विणतात. त्यास बायोफिल्म म्हणतात. त्या आवरणाखालील जंतूंवर प्रतिजैविकांचा सामान्य मात्रेत फारसा परिणाम होत नाही. मग बहुधा तो भाग उघडून धुणे, पुष्कळदा धातू काढून टाकणे आणि कालांतराने नवा बसविणे, एवढाच मार्ग उरतो.

सांधेरोपणात अशा जंतुसंसर्गाचे प्रमाण साधारणतः शंभरात एक ते दोन इतके असते; हाड त्वचा फाडून बाहेर आलेल्या अस्थिभंगात ते याहून पुष्कळ अधिक असते. आकडा लहान दिसतो. पण उपनगरांतील माणसाचे जीवन डोळ्यांसमोर आणावे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी वा बोरिवलीहून दररोज लोकलने धावणारा कामगार पाय मोडून रुग्णालयात येतो, त्यास सळई बसविली जाते, आणि काही महिन्यांनी जखमेतून स्राव सुरू होतो. दुसरी शस्त्रक्रिया, बुडालेली मजुरी, कधी गेलेली नोकरी, या सर्वांचा भार एका कुटुंबावर पडतो. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू वाढत असताना हा भार हलका होण्याची लक्षणे नाहीत. आज काही सळयांवर जेंटामायसिनचा, तर काही कृत्रिम सांध्यांवर चांदीचा लेप वापरतात. वनस्पतिजन्य लेपांचा शोध या पार्श्वभूमीवर सुरू आहे.

त्यांत हळदीचे नाव पुढे आहे. कुर्क्युमिन हे हळदीतील पिवळे द्रव्य १८१५ मध्ये वेगळे करण्यात आले. त्याचा जंतुरोधक गुण १९४९ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात नोंदला गेला. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात सुष्मिता बोस यांच्या गटाने हाडात बसवावयाच्या टायटेनियमवर कुर्क्युमिनयुक्त लेप देण्याचे काम केले आहे. हे काम प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील अभ्यासाच्या टप्प्यावरचे आहे.

अडचणीही थोड्या नाहीत. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि शरीरात लवकर विघटित होते. परीक्षानळीत ते इतक्या निरनिराळ्या चाचण्यांत ‘गुणकारी’ ठरते की त्या निकालांवर कितपत विसंबावे, असा सावधगिरीचा इशारा २०१७ मध्ये औषधरसायनशास्त्रज्ञांनी दिला. लेप सळई हाडात ठोकताना खरवडून जाता कामा नये. निर्जंतुकीकरणाच्या उष्णतेने वा किरणांनी बिघडता कामा नये. जंतूंना मारताना हाडाच्या पेशींना मारता कामा नये. शिवाय एका शेतातील हळद दुसऱ्या शेतातील हळदीसारखी नसते. या प्रत्येक अटीवर अनेक आशादायक लेप अडखळले आहेत.

५. प्राचीनतेचा पुरावा आणि गुणाचा पुरावा

हळदीच्या इतिहासातील आणखी एक प्रकरण येथे आठवते. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास व्रण भरून आणण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले. जुन्या ग्रंथांतील उल्लेख आणि १९५३ मध्ये भारतीय वैद्यकीय नियतकालिकात आलेला एक लेख यांसह ३२ संदर्भ सादर झाले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. निंबाच्या बुरशीनाशक वापरावरील युरोपीय पेटंट २००० मध्ये रद्द झाले. तो निर्णय २००५ मध्ये अपिलातही कायम राहिला.

हे विजय न्याय्य होते. परंतु त्यांतून काय सिद्ध झाले, याविषयी गोंधळ नको. हळदीचा हा उपयोग नवा नाही, एवढेच तेथे सिद्ध झाले. तो किती व कोणत्या व्रणात गुणकारी आहे, हे त्या निर्णयाचे क्षेत्रच नव्हते. प्राचीनतेचा पुरावा ग्रंथालयात मिळतो. गुणाचा पुरावा रुग्णशय्येजवळच मिळवावा लागतो. क्षारसूत्राच्या बाबतीत तो मिळविला गेला. वनस्पतिलेपित इम्प्लांटच्या बाबतीत अजून तो मिळवावयाचा आहे.

मराठी वाचकास विनयाची ओळख धर्मानंद कोसंबी यांच्या ‘बौद्धसंघाचा परिचय’ या १९१४ च्या ग्रंथाने करून दिली. त्याआधी १८७९ मध्ये ओल्डेनबर्ग यांनी महावग्गाची पाली संहिता प्रसिद्ध केली होती. आणि १८८० मध्ये मुंबईतून अण्णा मोरेश्वर कुंटे यांनी संपादिलेले अष्टांगहृदय बाहेर पडले. दोन्ही परंपरांतील या संहिता जवळजवळ एकाच वेळी छापील रूपात अभ्यासकांच्या हाती आल्या. त्या एकत्र वाचण्याचे काम मात्र अद्याप पुरेसे झालेले नाही. पालीचा अभ्यासक, आयुर्वेदाचा वैद्य, अस्थिशल्यतज्ज्ञ आणि पदार्थवैज्ञानिक एका मेजाभोवती बसतील तर हे साधेल. १९५८ मध्ये स्थापन झालेली पवईची भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि कान्हेरीचा डोंगर यांत अंतर फार नाही.

तक्षशिलेतील सात वर्षांच्या अध्ययनानंतर जीवकास त्याच्या आचार्याने एक योजन परिसरात फिरून औषधी नसलेली वनस्पती आणावयास सांगितले. तो रिकाम्या हाताने परतला, तेव्हा त्याचे शिक्षण पूर्ण झाले. ही कथा आपण बहुधा वनस्पतींच्या गौरवासाठी सांगतो. परंतु जीवकाने उत्तर देण्यापूर्वी तो सारा परिसर पायी तुडविला होता, एकेक वनस्पती पाहिली होती. न पाहता ‘सर्वच औषधी आहे’ असे म्हणाला असता तर उत्तर तेच आले असते, आचार्यांनी मात्र त्यास निरोप दिला नसता. व्रण धुण्यासाठी कषायोदकास अनुज्ञा देणाऱ्या आणि ते अपुरे पडताच पुढचा उपाय शोधणाऱ्या परंपरेचे वारस म्हणवून घ्यावयाचे असेल, तर हे पायी चालणे आपल्यालाही चुकणार नाही.